चौथी खुर्ची

"आजारी म्हणे! सगळे एकाच दिवशी? ताप काय हजेरीपट बघून येतो?"

शेजारच्या खिडकीच्या सीटवरचे काका स्वतःशीच पुटपुटत होते. मी हसले. वर म्हणाले, "नाटकं हो, काका. दुसरं काय!"

हे वाक्य माझं आहे. म्हणून पुढचं सांगताना पदरचा एक शब्दही घालणार नाही.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. भर दुपार, स्वस्तातलं विमान, पहिली रांग. आम्हाला आत बसवून दोन तास झाले होते. एसी बंद.

कंपनीचं आणि कर्मचाऱ्यांचं बिनसलं होतं. निम्म्यांनी आजारपणाची रजा टाकलेली. आमच्या विमानात तिघीच. हवाई सुंदरी म्हणतात, पण घामाने पार निथळत होत्या बिचाऱ्या. चौघी असल्याशिवाय विमान हलवता येत नाही.

"चौथी येतेय," एवढंच सांगत होत्या.

तिकडे माझ्या दादाचं पाच वाजता ऑपरेशन. सकाळी फोनवर म्हणाला, "ये गं. तुझं तोंड बघून आत जातो."

आमचा दादा आणि असलं बोलणार? म्हणून तर माझं धाबं दणाणलं होतं.

दोन वाजले...

आणि चौथी आली.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. मान वर केली, तर ती माझ्या समोरच्या, भिंतीतल्या खुर्चीवर बसलेली. या खुर्च्यांना स्प्रिंग असते. खाली ओढून बसायचं. उठलं की खटकन् आपोआप मिटते.

केस चापून बांधलेले. हनुवटीवर तीळ. डोळे लालभडक.

"आलात एकदाच्या!" मी म्हणाले. "इथे माणसं जीव मुठीत धरून बसलीत आणि तुमची नाटकं संपेनात."

ती उठली. खट्.

माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"आले ना, ताई," ती म्हणाली. "आता निघेल."

तिची बोटं माझ्या बोटांना लागली...

गरम इस्त्रीला हात लागावा, तसं भाजलं.

मी तिकडे लक्षच दिलं नाही. घाईघाईने वहिनीला फोन लावला. "निघतंय! चौथी आली. दादाला सांग, मी पोचतेय."

दहा मिनिटांनी तिघींमधली थोरली माइकवर बोलली. बाकीच्या तिला दीदी म्हणत.

"चौथ्या सहकारी येऊ शकत नाहीत. विमान रद्द झालंय."

एकच कल्ला उठला. मी सगळ्यांवर आवाज चढवला. "अहो, आलीय की ती! पाणी दिलं मला!"

दीदीने माझ्या हातातला ग्लास पाहिला.

"पाणी संपून तास झाला, मॅडम."

"मग हे काय आहे? केस चापून बांधलेली, हनुवटीवर तीळ..."

धाकट्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. एक रडायलाच लागली.

"गप्प," दीदी म्हणाली.

मग आम्ही सगळ्यांनीच समोर पाहिलं.

भिंतीतली खुर्ची...

उघडी होती. खाली दबलेली. वर कुणीच नव्हतं.

दादा पाच वाजता आत गेला, तो परत आला नाही. वहिनी म्हणते, शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. अजूनही विचारते, "निघतंय असं तुम्हाला कोण म्हणालं होतं, वन्सं?"



त्या दिवशी सगळे उतरले. काकाही मान खाली घालून गेले. मी मात्र दारात अडून बसले. "कोण होती ती? सांगितल्याशिवाय हलणार नाही."

दीदीने उघड्या खुर्चीकडे पाठ केली.

"यादीत तिचं नाव अजून आहे. वरून सांगितलं, येतेय म्हणा. म्हणून म्हणत राहिलो," ती म्हणाली. "एकशे चार ताप होता तिला. रजा मागितली, तर साहेब म्हणाले, नाटकं नकोत."

बाहेर बस हॉर्न देत होती.

"परवा मेली ती, मॅडम. गणवेशात."