शेऱ्यांचा रकाना

पिपलानीच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्यानं घाईघाईत कागद भलत्याच्याच हातात ठेवले. स्वरदानं हात पुढे केला तोवर शेजारचा उंच, चष्मेवाला मुलगा ते वाचायलाही लागला होता.

"सुनिए, ये मेरे हैं," इथल्या सवयीनं स्वरदा हिंदीत म्हणाली.

त्यानं कागद दिले नाहीत. थंडीच्या कोवळ्या उन्हातसुद्धा त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"हे तर... आमच्या मंडळाच्या साइटचे पत्ते आहेत. तुम्हाला कुठून मिळाले?" तो एकदम मराठीतच बोलला.

"आमच्या म्हणजे? तुमचा काय संबंध?"

"साइट मी केलीय. पराग देशकर. इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे, मंडळाचं काम आपलं हौसेनं..."

"अच्छा! म्हणजे ते तुम्हीच!" स्वरदाचा आवाज असा चढला, की झेरॉक्सवाल्याचा हात मशीनवरच थांबला.

राग यायला कारणही तसंच होतं. तिची मैत्रीण अबोली साकेत नगरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. महिनाभरापासून तिला अनोळखी माणसांचे घाणेरडे फोन येत होते. परवा तर एक जण तिचा फोटो मोबाइलवर घेऊन थेट हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. नागपूरहून वडिलांचा हुकूम आला: नोकरी सोड आणि परत ये. तो फोटो अबोलीनं एकाच ठिकाणी दिला होता, सोनागिरीच्या मराठी वधूवर मंडळात.

स्वरदाचं कामच मुळी वेबसाइटमधल्या फटी शोधून ज्याच्या त्याला कळवायचं. एका साइटच्या नावाखाली आणखी कितीतरी पोटनावं असतात, सबडोमेन म्हणतात त्यांना. पायथॉनमधली एक लायब्ररी जाहीर नोंदी चाळून ती सगळी गोळा करून देते. स्वरदानं त्या लायब्ररीवर वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली, मंडळाचं नाव घातलं, आणि पाच मिनिटांत 'जुनी' नावाचं एक पोटनाव हाती लागलं. पासवर्ड नाही, काही नाही. दोनशे बारा मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर सगळ्या जगासाठी उघडे पडलेले! तिनं मंडळाला तीन मेल पाठवले. एकालाही उत्तर नाही. म्हणून आता ती कागद छापून रविवारच्या सभेत ठेवणार होती.

"जुनी साइट मी बंद केली होती," पराग पुटपुटला.

"बंद नाही केलीत. तिची लिंक तेवढी काढलीत. साइट चालूच आहे. आणि हे बघा!" तिनं दुसरा कागद पुढे धरला. त्यावरचं अबोलीचं नाव तिनं काळ्या शाईनं झाकलं होतं. शेवटचा रकाना तेवढा उघडा होता. शेरा. रात्रपाळी करते. घरंदाज स्थळांना दाखवू नये.

पराग खालच्या आवाजात म्हणाला, "तो रकाना मी नव्या साइटवर घेतला नाही. मला... बरं वाटलं नाही ते."

"म्हणजे तुला दिसलं होतं!" संतापाच्या भरात ती सरळ 'तू'वर आली. "वाचलंस, वाईट वाटून घेतलंस आणि गप्प बसलास? रात्र रात्र जागून ती लोकांची आजारपणं काढते, आणि कोणीतरी कोपऱ्यात बसून तिला असला शेरा मारतं! तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

तो तिथून हलला नाही. तिच्यासमोरच फोनवरून त्यानं ती साइट खरोखर बंद केली.

"अजून काही उघडं राहिलंय का... उद्या बघाल?" त्यानं विचारलं. "मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये."

या शेवटच्या वाक्यामुळे ती हो म्हणाली. नाहीतर म्हणाली नसती.

शनिवारी पोह्याच्या ठेल्याशेजारच्या बाकावर दोघं बसली. मांडीवरच्या लॅपटॉपवर एकेक नाव उमटत होतं. जिलेबीच्या कढईचा गोड वास येत होता, आणि पराग अंग चोरून बाकाच्या अगदी कडेला टेकला होता.

"हे बघ, आणखी एक. 'बॅकअप'. हेही तुझंच?"

"...माझंच."

"किती दारं सताड उघडी टाकतोस रे!"

"एवढ्या बारकाईनं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं."

"तुझ्याकडे नाही, तुझ्या चुकांकडे बघतेय मी."

"चुका तरी माझ्याच आहेत ना?"

तिला हसू फुटलं. हसल्याचा तिला फारच राग आला, आणि तिनं जिलेबीचा द्रोण त्याच्यापासून दूर सरकवला. पराग मुकाट्यानं 'बॅकअप' बंद करत राहिला. द्रोणाकडे त्यानं नजरही टाकली नाही. ते तिनं पाहिलं... आणि द्रोण पुन्हा मध्ये ठेवला.

रविवारी सोनागिरीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. स्वरदानं कागद पुढे ठेवले तसे अध्यक्ष नरहरकाका उसळले.

"मंडळाच्या कॉम्प्युटरात शिरलीस तू! पोलिसात देईन! चांगल्या घरच्या मुलींना हे धंदे शोभतात का?"

"मी कुठलंही कुलूप तोडलं नाही, काका. तुमचंच दार उघडं होतं. तीन मेल केले, वाचले का तुम्ही? आता त्या मुलींच्या घरोघरी कळवायला हवं."

"मग आता बंद झालंय ना? विषय संपला. घरोघरी कळवून मंडळाची अब्रू घालवायची नाही."

"मंडळाची अब्रू? आणि त्या मुलींची?"

"हात जोडून सांगतो मुली, बस खाली!"

ती बसली नाही. पण हॉलमध्ये तिच्या बाजूनं कोणी बोलेना. तिचे डोळे भरून आले, रागानं. तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

"दार मी उघडं टाकलं होतं," पराग उभा राहून म्हणाला. "पोलिसात नाव द्यायचं तर माझं द्या. पण मुलींच्या नावापुढचे शेरे मी लिहिलेले नाहीत. मी ते वाचले आणि तोंड शिवून बसलो. कोणी लिहिले ते काका, तुम्ही सांगता की मी सांगू?"

नरहरकाकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पहिल्या रांगेतल्या विमलताई सावकाश उठल्या. मंडळात वीस वर्षं हळदीकुंकवाची सगळी उठाठेव करणारी ती बाई.

"माझ्या मुलीपुढे काय लिहिलंयत, नरहरभाऊ?"

मग दुसरी बाई उठली. मग तिसरी.

संध्याकाळपर्यंत काकांचा राजीनामा झाला, आणि दोनशे बारा घरांना फोन करायचं ठरलं. पहिला फोन परागनं अबोलीच्या वडिलांना लावला. तिकडून बराच वेळ शिव्या आल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी आहे काका, तिची नाही. तिनं नोकरी का सोडायची?" मग पलीकडून, "बघतो," एवढंच.

अबोली शेजारीच होती. "माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती परागला म्हणाली. "पण ड्यूटीवर चाललेय मी. ते महत्त्वाचं."

चार दिवसांत फोन संपले. शेवटचा झाला तेव्हा पराग आणि स्वरदा पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरांच्या रस्त्यानं चालत होती. परागचा आवाज पार बसला होता.

"एक बोलू? ही वेळ नाही, कळतंय मला. पण गप्प बसून काय होतं, ते पुरतं कळलंय आता." तो थांबला. "मला तू आवडतेस, स्वरदा. तू ओरडत होतीस ना... तेव्हापासून."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझा राग गेलेला नाही."

"असू दे."

"बराच काळ राहील."

"मी कुठे घाईत आहे?"

"आणि राग असतानाच मला तू आवडलास तर... त्याला काय करायचं?"

तिनं लगेच त्याची बाही धरून त्याला आपल्या घराच्या फाटकातून आत ओढलं.

"आई दारात आहे. सगळं पहिल्यापासून तू सांगायचंस. मी एक अक्षर बोलणार नाही."

उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं: साइट, शेरे, गप्प बसणं, अबोली आणि सर्वांत शेवटी स्वरदा. आईच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

"झालं?" ती म्हणाली. "आत ये. मलाही खूप बोलायचंय तुला, आणि उपाशीपोटी ते तुला झेपायचं नाही. स्वरदा, पोहे भिजव!"

स्वरदा स्वयंपाकघरात पळाली. पोहे धुताना बाहेरून आईचा चढलेला आवाज आणि परागचं नम्र "हो काकू" ऐकू येत होतं. ती ओठ दाबून हसली आणि तिथूनच ओरडली,

"मिरची किती घालू रे?"