साच्यातला श्वास

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे उभी होते.

यंदाच्या, १९५८च्या फेब्रुवारीतली सकाळ. पॅरिसला लागून असलेलं मालाकॉफ, तिथला आमचा ब्राँझ ओतायचा कारखाना.

माझी बहीण ओदील दम्याने गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. तिचा नवरा आन्सेल्म शिल्पकार. त्याने तिला समोर उभं करून मेणाची वीतभर मूर्ती केली होती. घाईतली, हात नसलेली. तिची तेवढीच एक खूण उरली होती.

त्या मूर्तीचं ब्राँझ करायचं काम माझ्याकडे आलं. मला रडू येत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

"रडायचं तर आत्ताच रडून घे, मिरेय," मालक लुसिएन म्हणाले. "मेणावर टिपूस पडलं तर तुझा कान धरीन."

मेणाभोवती साचा घातला, भट्टीत भाजला. मेण वितळून गेलं. आत उरली ओदीलच्या आकाराची पोकळी. ओतणं फसलं, की ती कायमची गेली.

ओतताना आमच्यात कुणी बोलत नाही. रीतच आहे.

त्या शांततेत ऐकू आली... शिट्टी.

बारीक. साच्याच्या तोंडातून. छातीत कफ अडकल्यासारखी.

वितळलेल्या ब्राँझचं भांडं धरलेला मालकांचा हात थांबला. "ओल राहिलीय का गं? उडेल सगळं तोंडावर!"

"मी भाजलाय साचा. कोरडा ठणठणीत आहे."

"मग वाजतंय काय?"

मला माहीत होतं काय वाजतंय. लहानपणी ओदील आणि मी एकाच पलंगावर झोपायचो.

थांबलो असतो, तर साचा थंड होऊन तडकला असता.

"ओता," मी म्हणाले.

लाल रस आत गेला. आणि साच्यातून कुणीतरी श्वास आत घेतला... लांब, घाबरून.

तो सोडलेला कुणी ऐकला नाही.

मूर्ती निर्दोष आली. मालक म्हणाले, वारा असेल. मग तो विषयच काढेनात.

गेल्या रविवारी जेवताना आन्सेल्म खुशीत होता. "या ब्राँझवरून साचा काढून मेणाच्या मूर्ती पाडू, मग त्या ओतू. रीतीप्रमाणे आठ प्रती. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही हं, तूच कर."

मी हो म्हटलं. का, ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही.

पहिल्या प्रतीचा साचा आता भट्टीत आहे. संध्याकाळी मेण वितळून गेलं, आणि आतून शिट्टी सुरू झाली...

उद्या सकाळी मालक भांडं उचलून माझ्याकडे बघतील.

आणि मी म्हणेन, "ओता."