दुसऱ्या खेळाडूची पाळी

कंदील जरा बारीक करा रे. उद्या पहाटे पाचला उठून हरणांच्या मागे जायचंय, तेव्हा एकच गोष्ट सांगतो आणि आडवा होतो. ऐकताना कुणी खिदळलं, तर त्याला बाहेर ट्रकमध्ये झोपायला पाठवीन. थंडी किती आहे ते बघून काय ते ठरवा.

ही वेंडेल हार्यूची गोष्ट. त्याला तुम्ही सगळे ओळखता, पण हे तुम्हाला ठाऊक नाही. एकोणीस हिवाळे आम्ही काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ एकाच ट्रकने काढला. तो गाडी हाकायचा, मी पुढचं पातं सांभाळायचो. माणूस सोन्यासारखा. रात्री दोन वाजता तुमची गाडी खड्ड्यात गेली, तर शिव्या घालत येईल, पण येईल. एकच दुखणं होतं त्याला, मत्सराचं. आणि मत्सर तरी कुणाचा, तर मेलेल्या माणसाचा.

त्याची बायको मार्लिस. तिचा पहिला नवरा ओरिन पेल्टो. एका मार्चमध्ये तो बर्फावरची स्नोमोबाईल घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेला, बर्फ फुटला, आणि तो सापडला थेट मे महिन्यात. चार वर्षांनी मार्लिसने वेंडेलशी लग्न केलं आणि वेंडेल तिच्या घरी राहायला आला. म्हणजे ओरिनच्याच घरी. मार्लिस ओरिनचं नावही काढत नसे. ती रडली असती तर वेंडेलने तिचे डोळे पुसले असते. तिने ओरिनला नावं ठेवली असती तर ह्यानेही दोन जास्तीची ठेवली असती. पण ती गप्प, आणि ते गप्प राहणंच ह्याला खात होतं.

"रेनो," तो मला एकदा ट्रकमध्ये म्हणाला, "मी त्याच्या फावड्याने बर्फ काढतो, त्याच्या पेल्यातून कॉफी पितो. त्या घरात माझं काय आहे?"

मी म्हटलं, "बायको आहे की, गाढवा."

तर म्हणाला, "तेच तर विचारतोय."

आता ती रात्र. मंगळवार, नऊ जानेवारी, दोन वर्षं होतील. पारा शून्याखाली अठरा. मार्लिस म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात संध्याकाळच्या पाळीला गेली होती. आठ वाजून चाळीस मिनिटांनी तिचा फोन आला.

"वेंडेल, तळघरातला नळ थेंबथेंब सोडून ठेव हं. पाइप गोठेल नाहीतर."

"सोडतो. जेवलीस?"

"खाल्ली मांस-बटाट्याची पास्टी. तुझी फ्रीजमध्ये आहे. आधी गरम कर, आणि त्यावर केचप ओतून तिचा खून करू नकोस."

वेंडेल हसत हसत तळघरात उतरला. नळ सोडला. थेंब पडायला लागले. परत फिरणार, तोच दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागे त्याला हिरवा दिवा दिसला. चादर बाजूला केली. मागे टेबल, टेबलावर जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. समोर खुर्ची, आणि खुर्चीवर लोकरीची विणलेली गादी. मार्लिसच्या हातची. लग्नाच्या चार वर्षांत वेंडेलच्या वाट्याला एक मोजासुद्धा विणून आला नव्हता.

त्याने पडदा चालू केला. खेळ उघडाच होता. तो खेळ आमच्या वेळचा. युरोपातून गलबतं येतात, दुसऱ्यांच्या जमिनीवर गावं वसवतात, तंबाखू पिकवतात, तोफा जमवतात आणि एकमेकांच्या गावांवर झेंडे रोवतात. ओरिन आणि मार्लिस अख्खा हिवाळा तो खेळत, हे गावाला माहीत होतं. एकच यंत्र, पाळीपाळीने. आणि त्यांचा एक कडक नियम होता. आपली पाळी संपली की खुर्ची सोडायची, जिना चढून वर जायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची. दुसऱ्याचं राज्य डोकावून बघायचं नाही.

खेळाच्या शेवटच्या नोंदीची तारीख वेंडेलने वाचली. त्याच दिवशीची होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

म्हणजे हा ट्रकवर बर्फ उपसत होता, आणि ही इथे ओरिनबरोबर खेळत होती! वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कळफलकाशेजारी एक वही होती. ओरिनचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'खेळाच्या खोड्या'. त्या जुन्या खेळांत चुका फार राहून गेलेल्या असत, आणि खेळणारे त्यांची यादी ठेवत. गलबत कधी जमिनीवर चढतं, वगैरे. सातवी खोडी अशी: 'गावातला शेवटचा माणूस मारला तरी गाव जात नाही. वस्ती शून्य, पण घंटा वाजतच राहते. धन्याने स्वतः गाव सोडलं तरच ते जातं.' नववी अशी: 'कधी कधी न मागवलेला माणूस गलबतातून उतरतो. तो परत जात नाही.'

त्यापुढची पानं मार्लिसच्या अक्षरात होती. नुसत्या मंगळवारच्या तारखा. 'आज ओरिनची पाळी आपोआप झाली.' पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मग ऑक्टोबरात, 'ओरिनला विचारलं.' मग, 'तो हो म्हणाला.' आणि त्याखाली 'आज बारा'पासून आठवड्यामागून आठवडे उतरत... 'आज पाच.' 'आज चार.' 'आज तीन.' 'आज दोन.' त्या दिवशीच्या तारखेला, 'आज एक.'

कशाचे आकडे? काय विचारलं? कशाला हो म्हणाला? वेंडेलला एकच सुचलं. ती दिवस मोजतेय. त्याच्याकडे जायचे.

थोडा दम खाल्ला असता, नळ सोडून वर आला असता, तर ही गोष्टच नसती. पण मत्सर चढला की माणसाला दम कुठला? तो त्या गादीवर बसला.

पाळी मार्लिसची होती. नकाशावर तिचं गाव, खाडीच्या पलीकडे ओरिनचं. ओरिनच्या गावात एकच माणूस उरला होता, आणि किनाऱ्याला एक रिकामं गलबत तयार उभं होतं. वेंडेलने मार्लिसच्या तीन तोफा बाहेर काढल्या. खेळाने विचारलं, तह मोडायचा? त्याने मोडला. पहिली तोफ. दुसरी तोफ. तो माणूस पडला.

"बस," वेंडेल मोठ्याने म्हणाला. "झालं तुझं."

गाव गेलं नाही. वस्ती शून्य, पण झेंडा तसाच. बारीक घंटा वाजू लागली. त्याने पुन्हा तोफ डागली. वस्ती शून्य. घंटा चालूच.

त्याने पाळी संपवली. पडदा काळा झाला. वर अक्षरं आली.

दुसरा खेळाडू, खुर्ची घ्या.

वेंडेल उठला नाही. खुन्नस म्हणून बसून राहिला. "घे की," म्हणाला. "घे ना!"

काहीच नाही. नळाचा थेंब. मग थेंब नाही... नळ कुणी बंद केला नव्हता. थेंब थांबला होता.

खुर्ची मागे सरकली. वीतभर. वेंडेल तिच्यात बसलेला असताना.

तो ताडकन उठला. मागे भिंत होती. फक्त भिंत.

पडद्यावर ओरिनची पाळी सुरू झाली होती. कळफलकावरच्या कळा हलत नव्हत्या. गलबत निघालं. खाडी ओलांडली. मार्लिसच्या गावाला लागलं. त्यातून एक माणूस उतरला... न मागवलेला. तो गावात शिरला. आणि गावाच्या फाटकातून मार्लिसचा एक माणूस बाहेर पडला. बाहेर उभा राहिला. नुसता उभा.

वेंडेलने वायर उपटली.

("काका, हे तुम्हाला त्याने स्वतः सांगितलं?" "स्वतः. दारू न पिता. आता गप्प बस.")

सव्वाअकराला मार्लिस आली, तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, बाजूला सारलेल्या चादरीकडे पाहिलं, आणि अंगातला कोटसुद्धा काढला नाही.

"काय केलंस?"

"तह मोडला. मारला त्याला. अजून काय काय चाललंय तुमचं, ते सांग!"

"पाळी संपल्यावर उठलास?"

"नाही."

ती वरच्या पायरीवर बसली.

"तो गेल्यापासून त्याची पाळी आपोआप होते, वेंडेल. मला वाटलं यंत्राची खोडी असेल. असेलही. पण ऑक्टोबरात मी त्याला विचारलं, आता मला सोडशील का? तुझी माणसं घेऊन जाशील? आणि तो न्यायला लागला. दर आठवड्याला एक. पुढच्या मंगळवारी शेवटचा जायचा होता. त्याच्या हाताने गाव सुटलं असतं. मग हे घर विकायचं, आणि आपण कुठेतरी नवं घ्यायचं, हे ठरवलं होतं मी."

"मला सांगायचंस!"

"काय सांगू? मेलेल्या नवऱ्याची परवानगी काढतेय म्हणून? आधीच त्याचं नाव निघालं की तुझं तोंड वाकडं होतं. मला तुझी पुरती बायको व्हायचं होतं रे. आधी त्याची होते, ते नीट संपवून."

मग ती म्हणाली, "गलबतातून माणूस उतरला असेल... तो कुणाच्या गावात शिरला?"

"तुझ्या."



मागे फिरायची सोय नव्हती. तो खेळ दर पाळीला जुन्या नोंदीवरच नवी नोंद करायचा. दुसऱ्या दिवशी वेंडेलने ते यंत्र काउंटीच्या कचराडेपोत नेलं आणि स्वतःच्या हाताने डब्यात फेकलं. वही चुलीत घातली. मग आठवडाभर दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते. शनिवारी तिने त्याच्यासाठी लोकर आणली. वेंडेलला वाटलं, निभावलं.

मंगळवार, सोळा जानेवारी. साडेनऊला तिचा फोन.

"माझी गाडी चालू होत नाहीये. अकराला न्यायला ये."

"येतो."

तो पावणेअकराला निघाला आणि अकराला पाच कमी असताना पोचला. शुश्रूषागृहाच्या दाराशी ट्रीना नावाची नवी पोरगी बसली होती. ती त्याला ओळखत नव्हती.

"मार्लिस? त्या आत्ताच गेल्या. त्यांचा नवरा आला होता."

"तिचा नवरा मी आहे."

पोरगी हसली. मग हसायची थांबली.

"कसा होता दिसायला?"

"टोपी खाली ओढली होती... दाढीला बर्फ होता. बोलले नाहीत काही."

"गाडी कुठली?"

"गाडी..." ती काचेबाहेर पाहू लागली. "गाडी नाही दिसली."

वेंडेलने ट्रक कसा हाकला, ते त्याला आठवत नाही. घरात दिवा होता. मार्लिस स्वयंपाकघरात बूट काढत होती. गाल लाल. धडधाकट.

"तुला कुणी आणलं?"

तिने वर पाहिलं.

"काय विचारतोस? तूच तर आणलंस. वाटभर एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, अजून रागावलायस."

"मी आत्ता येतोय, मार्लिस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला उजवा हात, जो वाटभर कुणीतरी धरला होता, तो हळूच मांडीखाली घातला...

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकची फेरी संपवून वेंडेल शुश्रूषागृहात परत गेला. मीही बरोबर होतो. दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही असते. नाव, नातं, वेळ. बसलेल्या बाई म्हणाल्या, वही बघायची तर आधी सही करा, नियम आहे. वेंडेलने पेन उचललं आणि त्याची नजर वरच्या ओळीवर गेली.

मी ते पान पाहिलंय, पोरांनो. वेळ, दहा वाजून पन्नास. नावाच्या रकान्यात काहीच नाही. नात्याच्या रकान्यात एकच शब्द, दाबून लिहिलेला: नवरा.

त्याच्या खाली वेंडेलने आपलं नाव लिहिलं. वेळ लिहिली. मग पेन नात्याच्या रकान्यावर टेकवून तो उभा राहिला. मी थांबलो. बाई थांबल्या. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं, आणि आम्ही निघालो.

तो रकाना अजून कोराच आहे.