दोन खुणा आवळलेला स्क्वेल्च

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची लहानशी खोली आहे. हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर तिथं असतो. गावातल्या कुणाच्या वॉकीटॉकीसारख्या हँडसेटवरचा आवाज तो पकडतो आणि जोर लावून पार मोहोळ-वैरागपर्यंत पोचवतो. त्याची देखभाल यशपालकडे होती.

त्या दिवशी सकाळी पावणेअकराला त्याचा रेडिओवाला मित्र चनमल्लप्पा चादरीचं दुकान सोडून धापा टाकत वर आला.

"लिफ्ट बंद, आणि तुमचा रिपीटर चालू! रोज अकराला आपोआप उघडतोय की, अण्णा. कोण बोलत न्हाय, काय न्हाय. चार मिनटं समद्यांची तोंडं बंद. स्क्वेल्च आवळा जरा."

स्क्वेल्च म्हणजे दारावरचा राखणदार. हवेत रेडिओची खसखस, बारीक खरखर, कायम असते. ती असेतोवर दार बंद, स्पीकर गप्प. कुणी हँडसेटचं बटण दाबलं की त्यातून निघणाऱ्या लहरीखाली खसखस दबते आणि दार उघडतं. किती दबली म्हणजे उघडायचं, ते एका नॉबवर ठरतं. नॉब जास्त आवळला तर कमजोर हाक बाहेरच राहते.

यशपालनं नॉबकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मार्चमध्ये आवळला होता," तो म्हणाला.

चनमल्लप्पा खाली बघू लागला.

मार्चमध्ये शेजारच्या इमारतीवर दिव्यांची मोठी जाहिरात लागली आणि खरखर वाढली. दार सारखं उघडायचं, लोक वैतागले. यशपालनं नॉब दोन खुणा आवळला. मशीन गप्प झालं. खूश होऊन त्यानं अकराच्या सुमाराला इथंच, ह्याच स्टुलावर, डबा उघडला. भाकरी आणि शेंगाचटणी. मनालीनं सकाळी भरून दिलेली.

मनाली त्याची बायको. रेडिओच्या परवान्याची परीक्षा दोघांनी एकदमच दिली होती, तिला चार मार्क जास्त पडले होते. विजापूर रोडच्या घरी ती त्या वेळी एकटी होती. शेजारीण आली तेव्हा ती स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. हँडसेट हातात, अंगठा बटणावर, बॅटरी पार उतरलेली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर. तासभर आधी यशपाल भाकरी मोडत होता.

"मीच म्हनलेलं तुमाला, आवळा म्हणून," चनमल्लप्पा हळूच म्हणाला.

"हात माझा होता."

अकरा वाजले. मशीनवरचा हिरवा दिवा लागला. दार उघडलं, आणि स्पीकरमधून कुणी बोललं नाही. येणाऱ्या लहरीचा जोर दाखवणारा काटा जेमतेम हलला.

"ह्ये बघा. त्या जाहिरातीचीच घाण असंल." चनमल्लप्पानं मशीनच्या मागून अँटेनाची केबल फिरवून काढली. "आता कुटनं येतंय बघू."

दिवा तसाच राहिला.

तो हातातल्या केबलकडे बघत राहिला. "आवळा, अण्णा. पार आवळा."

यशपालनं नॉब धरला आणि उलटा फिरवला, शेवटापर्यंत. आता दारावर राखणदारच नव्हता. खसखशीनं खोली भरून जायला हवी होती.

काही आलं नाही. खोली गप्प.

म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरलं होतं.

यशपालनं माईक उचलला. त्याच क्षणी खसखस उसळली. समोरच्यानं बटण सोडलं होतं. दुसरा बोलणार असला की सोडायचं, असा नियमच आहे. मनालीनं तो कधी मोडला नव्हता, भांडतानासुद्धा.



"मनाली, मी ऐकतोय. तेव्हा ऐकू आलं नाही गं. बोल आता." तो थांबला. "ओव्हर."

खसखस थांबली.

"अण्णा, काटा," चनमल्लप्पा कुजबुजला.

काटा चढत होता. अर्ध्यावर आला. मग पार शेवटाला जाऊन टेकला.

केबल काढलेली असताना काटा एवढा चढायला हँडसेट ह्याच खोलीत हवा. हातभर अंतरावर.

यशपालच्या हातात फक्त माईक होता. चनमल्लप्पाचा हँडसेट खाली गाडीत होता.

चनमल्लप्पानं पाठ भिंतीला लावली, आणि खोलीचं दार नि स्टूल यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा करून दिली.