काळ्या लेपातला सूर

चैत्राच्या उन्हात माझ्या लेकाची, चेतनची भाकर घेऊन मी नगरच्या त्याच्या दुकानात गेले, तर तो सहादेवचा विलायती सिंथेसायझर उघडून बसलेला. आम्ही त्याला पेटीच म्हणायचो. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत सहादेव ती वाजवायचा, त्याची बायको रतनबाई गायची. फागणात दम्यानं तो गेला आणि त्याच्या मागोमाग पेटीही मुकी झाली. तेव्हापासून रतनबाईच्या गळ्यातून ओळ निघेना. जयंती तोंडावर आलेली, अन् ती म्हणायची, "त्याच सुरावर गाईन, न्हाईतर न्हाई."

पेटीच्या पोटात दगडासारखा काळा गोळा होता. बनवणाऱ्यानं आपली करामत कुणाला कळू नये म्हणून लेप ओतून झाकलेली. चेतननं तो तापवून, खरवडून मोकळा केला. आतला एकेक भाग मोजला आणि तसंच नवं सर्किट पत्र्याच्या डब्यांत बांधलं. एक डबा सूर काढायचा, एक त्याची धार मारायचा, एक त्याला थांबवायचा. मधे नुसत्या वायरी.

"ह्ये जुन्या पेटीतले भाग तर फुगलेत रं," मी म्हणाले. "नव्यात चांगल्या मापाचे घाल की."

"आई, आवाज ह्या बिघडण्यातच हाय. वर छापलेलं माप घ्यायचं न्हाई. आज जेवढं भरतंय, तेवढंच घ्यायचं."

म्हणजे दुखणंसुद्धा जसंच्या तसं उतरवलं, बघा.

रतनबाई आली. चेतननं पट्टी दाबली. सूर निघाला, पण त्याच्याआधी घरघर... कुणी छाती भरून घ्यावी तशी.

"वायरीची खरखर असंल." त्यानं एकेक डबा सोडवला. सूर गेला, घरघर राहिली. मेन बटण बंद केलं तेव्हा कुठं ती थांबली.

चेतनच्या कपाळावर घाम. "वहिनी, मी ह्ये मोडतो."

"हात तर लावून बघा, भाऊजी!" फागणानंतर ती पहिल्यांदा हसली. "माझ्या उशाशी ऐकलंय मी ते."

जयंतीला पुणतांब्यात, गोदावरीकडच्या मांडवात रतनबाई गायली. वीज गेलेली, सगळं जनरेटरवर. माणसं उठून उभी राहिली. चेतन डब्यांपाशी, मी तिच्या पाठीमागं कोरसात. गाणं चढत गेलं, अन् माझी टाळी चुकली. रतनबाईची पाठ हलतच नव्हती. ओळ संपली की श्वास डब्यातून यायचा... आणि गायची ती.

गाणं संपल्यावर तिला खुर्चीत बसवलं. पदराचं टोक तिच्या नाकाशी धरलं. हललं नाही.

चेतन बटणावर बोट ठेवून उभा. "बंद करू का, आई?"

मी रतनबाईच्या तोंडाकडं पाहिलं.

"नका करू, भाऊजी," रतनबाई शांतपणे म्हणाली. बोलतानाही पदर हलला नाही. डब्यात घरघर झाली.

तेवढ्यात मांडवामागून जनरेटरवाला छगन ओरडला, "चेतनदादा, आवरा लवकर! डिझेल संपत आलंय!"