नदीमच्या आईला मारलेली हाक

वहीब अम्मोंच्या छपरावर सोलरच्या पाट्या आहेत. त्यामुळे रात्री जनरेटर बंद झाला की आमच्या गल्लीतले सगळे फोन त्यांच्या व्हरांड्यात येऊन पडतात. त्या रात्री मीही तान्ह्या करमला खांद्यावर टाकून माझा फोन घेऊन गेले. फोन लावायचा, जरा बसायचं आणि परत यायचं, इतकंच काम होतं.

रामेझ सकाळीच एका बाईंना घेऊन गेला होता. डॅनिश पाहुणी, एकटीच. बत्रूनच्या खालचे निर्मनुष्य किनारे, घळीतला धबधबा, मग वाइनरी, अशी दिवसभराची खास सहल. माझ्या नवऱ्याचा धंदाच तो आहे आणि करमचं दूध त्यातूनच येतं, हे मला कळतं. मी शिकलेली आहे. नवऱ्याचं 'लास्ट सीन' पुन्हापुन्हा बघणाऱ्या बायका मला नेहमी केविलवाण्या वाटत आल्या आहेत. माझ्या फोनची बॅटरी संपली ती त्यापायीच.

"काय वहिनी, फोन चार्ज करायला आलीस की नवऱ्याचा माग काढायला?" माझी नणंद जुमाना आधीच तिथं पाय पसरून बसली होती.

"घळीत नेटवर्क नसतं," मी म्हटलं.

"वाइनरीत तर मस्त असतं."

"गप गं, आगलावे," अम्मो म्हणाले. सासऱ्यांचे हे चुलतभाऊ, म्हणून काका, अम्मो. उभा जन्म डोंगरावरच्या त्या वाइनरीत काढला आणि आता गुडघे धरून घरी बसलेत. त्यांनी माझ्यासाठी कॉफी ओतली. "लमीस, पोरी, जिचा नवरा पाहुणे फिरवतो त्या बाईनं जिवंत बायकांची धास्ती घेऊ नये."

"मग कुणाची घ्यावी?" जुमाना हसली.

अम्मो हसले नाहीत. "वरच्या आळीतल्या टन्नूसची रोझीन माहीत आहे ना?"

"ती? कुणाशी एक शब्द बोलत नाही ती?"

"बोलायची. पोपटासारखी बोलायची." त्यांनी दिव्याची वात जरा खाली केली. सोलर असूनही ते रात्री व्हरांड्यात कंदीलच लावतात. "कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. सांगाल म्हणा. तरी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं.

"टन्नूसची पहिली बायको मुन्तहा. बुटकी, पोट सुटलेली. पण मुन्तहा तिला कोण म्हणतंय! एकुलता नदीम झाला आणि ती नदीमची आई झाली, उम्म नदीम. तू नाही का आता उम्म करम झालीस, तशी. टन्नूस पाहुण्यांची गाडी हाकायचा, ही पाहुण्यांची पोटं सांभाळायची. समुद्रावर झातरचा मसाला लावलेली रोटी, धबधब्यावर ऑलिव्ह आणि लब्नेच्या चक्क्याचे गोळे, आणि वाइनरीत आली की माझ्या हातातली बाटली हिसकावून घ्यायची. 'वहीब, तू ओततोस की मयताच्या तोंडात थेंब सोडतोस?' टन्नूसनं कुठूनही हाक मारली, 'उम्म नदीम!', की ही कुठूनही ओ द्यायची, 'आऽऽले!' तो 'आ' असा ताणायची की पाहुणे तिची नक्कल करायचे. पुढं एका हिवाळ्यात छातीत पाणी झालं. गेली.

"तिच्यासाठी चर्चमध्ये वर्षाचा मिस्सा झाला आणि टन्नूसनं रोझीनशी लग्न केलं. नदीम तर कॅनडात. एकटा माणूस, करील काय? रोझीन शाळेत फ्रेंच शिकवायची. देखणी, टापटीप. खोट एकच. मेलेल्या बाईवर जळायची."

"जिवंत सापडली नाही म्हणून," जुमाना म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी करमचं दुपटं नीट करत राहिले. ते आधीच नीट होतं.

"टन्नूस वाटेत जरा गप्प बसला की ही विचारणार, 'तिचीच आठवण काढतोयस ना?' तो बिचारा टायरातल्या हवेचा विचार करत असायचा. रात्र रात्र फोनवर ती जुन्या पाहुण्यांनी लिहून ठेवलेलं वाचायची. 'टन्नूसची बायको म्हणजे ह्या सहलीचा जीव', खाली फोटो मुन्तहाचा. आणि गाव हिला काय म्हणायचं? रोझीन. नुसतं रोझीन. पोर नाही, मग कुणाची आई म्हणणार? पाठीमागं म्हणायचे, टन्नूसची दुसरी.

"गेल्या वर्षीचा लाजरसचा शनिवार. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. बेल्जियमचं एक म्हातारं जोडपं आलं होतं. म्हातारीनं गाडीत बसता बसता फोन पुढं केला. 'ह्या तुम्हीच ना? तुमच्यासाठीच आलोय आम्ही.' फोटो मुन्तहाचा.

"रोझीन म्हणाली, 'हो, मीच.'

"टन्नूसच्या हातातली किल्ली पडली."

"अय्या!" जुमाना म्हणाली. "आणि चेहरा?"

"म्हातारीची नजर अधू. आणि माणसाला जे बघायचं असतं ते दिसतंच की. किनाऱ्यावर पाहुणे गोटे वेचायला गेले तशी रोझीननं टन्नूसला गाठलं. 'आज दिवसभर मला उम्म नदीम म्हणायचं. सगळ्यांदेखत.'

"'डोकं फिरलंय का तुझं? ते नाव तिचं आहे.'

"'होतं म्हण. बाई मेली ना? मग नाव काय तिच्यासाठी झाकून ठेवणार आहेस, जेवणासारखं?'

"'रोझीन, आज दिवस कुठला आहे ते तरी बघ.'

"'लाजरसचा. बघितलाय. मेलेला उठला तो त्याला नावानं हाक मारली म्हणून. मी मेलेलीला मारायला सांगत नाहीये. मला मार म्हणतेय.'

"टन्नूस स्वभावानं मऊ. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून त्यानं मारली. 'उम्म नदीम, टोपली आण गं!' 'आले!' म्हणत ही वाळूतनं अशी पळाली, जशी नवी नवरी. म्हातारीनं फोटो काढला. इथवर सगळं ठीक.

"दुपारी घळीवर गेले. बर्फाचं पाणी सुटलेलं, धबधबा भरून कोसळत होता. तिथं वसंतात धुकं कसं येतं माहितीय ना... आत्ता नाही, आत्ता आहे. रोझीन फोटो काढत कडेकडेनं पुढं गेली होती. टन्नूसला भीती वाटली. त्यानं हाक मारली, 'उम्म नदीम! मागं फीर!'

"'आले!' रोझीननं वाटेवरून ओ दिली.

"आणि घळीतून... खूप खालून, पाण्याच्याही खालून...

"'आऽऽले.'

"पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काय प्रतिध्वनी आहे म्हणाले!"

"प्रतिध्वनीच असणार, अम्मो," मी म्हटलं. माझा आवाज शिक्षिकेसारखा आला. मला हवा होता त्यापेक्षा बारीकही आला.

"असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण रोझीन गाडीत बसताना टन्नूसला हळूच काय म्हणाली? 'माझा आ लांब नव्हता.' घाबरून नाही. चिडून. कुणी आपला पदर ओढावा, तशी.

"मग ती चौघं वाइनरीत आली. दिवेलागण झाली होती. ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तळघराच्या पायऱ्यांच्या तोंडाशी बाटली पुसत उभा. पाहुणे टेबलाशी बसले. रोझीन अंगणात नळावर हात धूत होती. टन्नूस दमलेला, त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, 'उम्म नदीम, ये, ओत बघू.'

"माझ्या पाठीमागून ओ आली.

"तळघरातून. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. 'आऽऽले.' पोरींनो, तो आवाज मी इतकी वर्षं ऐकलाय. बाटली हातातून सुटली नाही, कारण बोटं उघडेचनात.

"रोझीन आत आली. हातातून पाणी गळतंय. वाटलं, आता ही किंचाळणार. ती सरळ माझ्याजवळून गेली, त्या बंद दारापाशी तोंड नेलं आणि म्हणाली, 'तुला नाही बोलावलं. मला बोलावलंय.'

"आतून काही नाही.

"मग ती टेबलाशी गेली आणि तिनं ओतली. चारही पेले काठोकाठ. हात जरासुद्धा हलला नाही. म्हातारी म्हणाली, लोक लिहितात तशाच आहात हो तुम्ही. रोझीन हसली. देवाशपथ सांगतो, मला त्या हसण्याची भीती जास्त वाटली."

अम्मोंनी कॉफीचा कप पालथा घातला. रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती. माझा फोन भिंतीपाशी उजळला आणि विझला. मी उठले नाही.

"पुढचं मला टन्नूसनं सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

"पाहुण्यांना बंदरापाशी सोडलं. दोघंच वर यायला निघाली. अंधार. धुकं. ही त्याच्या शेजारी.

"'हाक मार,' रोझीन म्हणाली.

"'नको.'

"'मार म्हणते ना. ह्या वेळी मी आधी ओ देते. बघू कुणाची आधी येते.'

"'रोझीन... तुझ्या पाया पडतो.'

"'तिच्यासाठी पाया पडतोयस?'

"वळणं गेली. चर्च गेलं. ती थांबेना. मार... मार... मार.

"त्यानं मारली. ओठातल्या ओठात. 'उम्म नदीम...'

"रोझीननं तोंड उघडलं.

"'आऽऽले.'

"मागच्या सीटवरून."

करम झोपेत कुरकुरला. जुमानानं पाय जवळ घेतले होते. कधी घेतले, कळलं नाही.

"टन्नूसनं आरशात बघितलं नाही. रोझीननं मान वळवली नाही. गाडी चालत राहिली. मागून ओल्या दगडाचा वास... बस. इतकंच.

"अंगणात पोचले. इंजिन बंद. कुणी उतरेना. मग रोझीन उतरली. दार उघडं टाकून पळाली. घराच्या उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. कुणी घुसणार असेल तर अडवायला.

"'घर माझं आहे,' ती ओरडली. 'चूल माझी. बिछाना माझा. नवरा माझा. ऐकतेस ना? हा उंबरा ओलांडून दाखव!'

"टन्नूस धावत तिच्याकडं गेला. तिनं त्याला आत ओढलं. आणि मग... जे नाव मिळावं म्हणून दिवसभर भांडली, तेच नाव घेऊन, अंधारात, तिनंच हाक मारली.

"'उम्म नदीम!'

"काही नाही.

"'उम्म नदीम!'

"काही नाही. कुत्रं नाही. वारा नाही.

"'गेली,' रोझीन म्हणाली. हसली. रडली. टन्नूसच्या गळ्यात पडली. 'बघितलंस? घराबाहेर ठेवली मी तिला. जिंकले मी.' दार लावलं, कडी घातली, सगळे दिवे लावून दोघं झोपली."

"हुश्श," जुमाना म्हणाली. "म्हणजे जिंकली."

अम्मोंनी पालथा कप उचलून बशीत बघितलं.

"अम्मो?"

"सकाळी घंटा झाल्या. पोरं नवे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन चर्चला निघाली. हीसुद्धा नटून बाहेर आली. रात्री गाडीचं दार तिनं उघडं टाकलं होतं. सकाळी ते लागलेलं होतं. तिनं उघडलं. टन्नूसच्या शेजारची सीट... पार पुढं सरकवलेली. बुटक्या बाईला समोरचा रस्ता दिसावा म्हणून घेतात तशी. रोझीन केवढी उंच. तिचे गुडघे मावणार नाहीत त्यात.

"आणि पट्टा लावलेला. रिकाम्या सीटवर. आणि तो खाली पडलेला नव्हता, पोरींनो. फुगीर. सुटलेल्या पोटावर बसतो ना पट्टा, तसा."

कंदिलाभोवती एक पतंग फिरत होता.

"टन्नूसनं बटण दाबलं. मला बोलावलं, मी दाबलं. सीट मागं ढकलली. आम्ही दोघं, वर गॅरेजवाला. हलली नाही."

"मग रोझीन?" मी विचारलं.

"मागं बसते. पाहुण्यांबरोबर, पाहुण्यासारखी. टन्नूस आता तिला लाडानं हाका मारतो. रोझीन म्हणतो, राणी म्हणतो, काय काय म्हणतो. ती कशालाच ओ देत नाही."

खाली फाटकाशी गाडी थांबली. दार वाजलं. "उम्म करम!" रामेझनं अंधारातून हाक मारली. "घरात नाहीस, फोन उचलत नाहीस, आहेस कुठं तू?"

जुमानानं मला कोपर मारलं. मला त्याला विचारायचे प्रश्न सकाळपासून पाठ होते: पाहुणी पुढं बसली होती की मागं, इतका उशीर का, हसलास किती. एकही आठवेना. मी लगेच ओ दिली नाही. दुसरं कुणी आधी देतंय का, ते ऐकत थांबले.

मग म्हटलं, "आले." अगदी तोकडं.

करमला उचलताना मी अम्मोंना हळूच विचारलं, "कापून का टाकत नाहीत तो पट्टा?"

"गॅरेजवाल्यानं कात्री लावली होती," अम्मो म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "टेकवली आणि काढून घेतली. पट्टा वर-खाली होत होता म्हणाला. सावकाश. श्वास घेतल्यासारखा."