मानाची हाक

त्यानं बॅटीची खुर्ची उचलली, तेव्हा आमची धून दुसऱ्या फेरीत होती.

आमच्याकडे धून तीनदा वाजवतात. तिसरी फेरी संपेपर्यंत कोणी थांबत नाही. छप्पर गळायला लागलं तरी नाही. पण त्या रविवारी दुपारी आधी बासरी थांबली, मग व्हायोलिन, आणि शेवटी माझी कॉन्सर्टिना... सहा कोनांची, दोन तळव्यांत मावणारी ती हातपेटी भात्यात उरलेली हवा सोडत एकटीच कण्हली.

ओल्या केसांचा एक उंच तरुण खुर्ची डोक्यावर धरून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता. खुर्चीच्या पाठीवरचा कोट त्याच्या कानाशी लोंबत होता.

“बॅटी अजून मेला नाहीये रे, लेका!” काउंटरमागून नोरीन ओरडली. पब तिच्या मालकीचा, आणि आवाजही.

“कोण बॅटी?” त्यानं विचारलं.

कॉर्क शहराच्या उत्तर भागात, ड्रिस्कलच्या पबात उभं राहून हा प्रश्न विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. जिन्याच्या सगळ्यात जवळ मी बसले होते. मलाच उठावं लागलं.

“खुर्ची खाली ठेव,” मी म्हटलं.

“रिकामी होती...”

“रिकामी नाही. तिच्यावर कोट आहे.”

“मला वाटलं, कोणीतरी विसरून गेलं.”

“तीन आठवडे?”

मग मी त्याला सांगितलं, की बॅटी आमच्यातला सगळ्यात जुना व्हायोलिनवाला. वय अठ्ठ्याहत्तर. शिडीवरून पडून खुबा मोडला म्हणून इस्पितळात आहे. शेगडीजवळची ही खुर्ची चाळीस वर्षं त्याची. तसंही वादकांच्या गोलात कोणी आपणहून बसत नाही; कोणीतरी ‘बस’ म्हणेपर्यंत उभं राहायचं असतं.

त्यानं खुर्ची अगदी हळू खाली टेकवली. कोटावर त्याच्या केसांतलं पाणी ठिबकलं होतं. ते त्यानं बाहीनं पुसलं—आणि मग त्याच्या लक्षात आलं, की बाही कोटापेक्षा ओली आहे. तो कोटाकडे बघत राहिला. मी खिडकीकडे बघितलं, कारण मला हसू आवरेना.

“वर माडीवर विनोदाचा कार्यक्रम आहे,” तो म्हणाला. “पहिलाच. एक खुर्ची कमी पडतेय.”

“माणसं किती?”

“अकरा.”

“मग एकजण उभा राहील.”

“उभा मीच आहे, बोलायला. अकरावी... माझी आई आहे.”

माझ्या शेजारी एक बुटकं स्टूल असतं. त्यावर मी पेटीचा डबा ठेवते. डबा खाली ठेवून मी ते स्टूल त्याच्या हातात दिलं. दोन तासांनी त्यानं ते परत आणलं, पुसून. “थँक यू,” म्हणाला. “फारच उपकार झाले.”

तेव्हा मला ते शब्द गोड वाटले होते.

त्याचं नाव लॉर्कन. सकाळी तो शहरातल्या छपराखालच्या बाजारात मासे विकायचा. पुढे त्याचा कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी सातला ठरला आणि मी दर गुरुवारी वर जायला लागले. मी शहराच्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासते. दिवसभर आकड्यांशी बोलल्यावर माणसांचं बोलणं ऐकावंसं वाटतं, असं मी स्वतःला सांगत होते.

तो खरंच चांगला होता. कोणाला लागेल असं तो बोलत नसे. माणूस स्वतःवर जिथे हसायला तयार असतो, नेमकी ती जागा त्याला सापडायची. “नोरीन पेला इतका सावकाश भरते,” तो म्हणायचा, “की मागवतो बाप आणि पितो मुलगा.” नोरीन जिन्यातून त्याला फडकं फेकून मारायची आणि खाली येऊन तोच विनोद चार जणांना सांगायची. आमच्या बासरीवाल्या कॉनला तो म्हणाला, “तू डोळे मिटून का वाजवतोस, ते मला कळलं. आमचे चेहरे बघवत नाहीत ना?” कॉन महिनाभर त्याच आनंदात होता. अकरा माणसांची पस्तीस झाली. हळूहळू प्रत्येकाची पाळी आली.

माझी आली नाही.

रविवारी चारला मी पबात शिरायचे, तेव्हा तो काउंटरच्या टोकाशी उभा असायचा. मला बघून मान लववायचा. दार धरायचा. एकदा माझी छत्री त्यानं झटकून, घडी करून, दोन्ही हातांनी परत दिली—जशी पाद्रीबाबांना देतात.

आमच्याकडे सभ्यपणा असतो तो पाद्री, पोलीस आणि पाहुणे यांच्यासाठी. ज्याच्यावर जीव असतो त्याची आम्ही टर उडवतो. आई मुलाची उडवते, नवरी नवऱ्याची, अगदी लग्नाच्या जेवणातही. टर उडवली नाही, तर समजावं की आपण त्या माणसाचे कोणी नाही.

म्हणून मी पडताळून पाहायचं ठरवलं. एका शुक्रवारी त्याच्या मासळीच्या ठेल्यावर रांगेत उभी राहिले.

पुढच्या बाईला तो म्हणाला, “बाई, मागच्या आठवड्यात नेलेला मासा अजून पोहतोय, की नवऱ्यानं खाल्ला?”

मग माझा नंबर आला. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“नमस्कार. काय देऊ?”

“चार बांगडे.”

“जरूर.” त्यानं ते निवडले, दोनदा बदलले, कागदात नीट बांधले. “थँक यू. सावकाश जा, बाहेर ओलं आहे.”

माझ्यामागे हिरव्या टोपीतली एक म्हातारी होती. ती माझ्याकडे निरखून बघत होती. “काय गं पोरी,” ती म्हणाली, “तू बँकेतून आलीस की कोर्टातून?”

त्यानंतर दर शुक्रवारी मी चार बांगडे घेतले. निरीक्षण एकदाच करून चालत नाही. पण प्रत्येक वेळी निकाल तोच.

बॅटीला भेटायला गेले तेव्हा तो उशांना टेकून बसला होता आणि चादरीवर बोटं वाजवत होता.

“तो मासेवाला पोरगा येतो मला भेटायला,” तो म्हणाला. “म्हणतो, मी शिडीवरून पडलो नाही, माझी तीच तीच गाणी ऐकून शिडीनं मला पाडलं. बरा आहे पोरगा. तुला काय म्हणतो?”

“थँक यू म्हणतो.”

“आणि?”

“जरूर म्हणतो.”

बॅटीची बोटं थांबली. “एकदाही टर नाही?”

“नाही.”

“अरे देवा,” तो म्हणाला. “मग प्रकरण गंभीर आहे.”

मलाही तसंच वाटलं. फक्त मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीनं लावला.

त्याच सुमारास नदीपलीकडच्या एका पबातून निरोप आला. त्यांची कॉन्सर्टिनावाली गाव सोडून गेली होती. मी येईन का? दिवस रविवार, वेळ चारची. म्हणजे इथलं सोडून तिथलं. अशी जागा बदलणं आमच्यात लहान गोष्ट नाही. पण दर रविवारी काउंटरच्या टोकाशी ती लववलेली मान बघायची, आणि आपण पाहुणे आहोत हे पुन्हा मोजायचं... मला ते जमेना. मी सांगितलं, येत्या रविवारनंतर कळवते. त्या रविवारी बॅटी परत येणार होता. त्याच्याबरोबर एकदा वाजवायचं आणि निघायचं, असं ठरलं. कोणाला सांगितलं नाही.

बॅटी आला, एका हातात काठी आणि दुसऱ्या बाजूला लॉर्कनचा खांदा. खुर्चीवरचा कोट त्यानं स्वतः उचलला, अंगात घातला, आणि बसला. बस, इतकंच. नोरीननं पाठ फिरवून उगाचच पेले पुसायला घेतले.

तो वाजवायला लागला. बोटं थोडी अडखळत होती. पण गज तोच होता. बॅटीची धून सरळ चालत नाही—नदीच्या पाण्यासारखी काठाकाठानं वळते, आणि आपण तिच्याबरोबर वळत जातो. मी शेजारून हळू भाता ओढत होते. तिसऱ्या फेरीच्या शेवटी मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मग त्याला गावंसं वाटलं. नोरीननं एक बोट वर केलं. साठ माणसं गप्प झाली. कोणी पेला टेकवला नाही, कोणी दार उघडलं नाही. दारूच्या दुकानात अशी शांतता होते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी त्या शांततेत वाढले आहे आणि अजूनही तिनं माझ्या अंगावर काटा येतो.

गाणं संपलं. आता मानाची हाक बॅटीची. जो गातो, तो पुढच्याचं नाव घेतो. आणि ज्याचं नाव येतं त्याला नाही म्हणता येत नाही. गा, वाजव, गोष्ट सांग—काहीही कर, पण उठ. माझं नाव कोणी घेत नसे. मी एकटीनं कधी काही केलेलं नाही, आणि घोळक्यात वाजवणाऱ्याला लोक सांभाळून घेतात.

“लॉर्कन,” बॅटी म्हणाला.

“मला गाता येत नाही, बॅटी. तू ऐकलंयस.”

“ऐकलंय, म्हणून तर इस्पितळ सोडून आलो. गा कोण म्हणतंय? बोल. खिशात जे घेऊन हिंडतोस ना, ते वाच.”

लॉर्कनचे कान लाल झाले. त्यानं खिशातून मासे बांधायचा कागद काढला. घडी घालून घालून तो मऊ पडला होता. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षर.

“ही... मुइरन,” तो म्हणाला. माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. “ही नदीचं पाणी तपासते. पाऊस आला की सगळं शहर छत्री उघडतं, ही बाटली उघडते.”

लोक हसले. मी पेटी घट्ट धरली.

“सूर चुकला की बाकीचे शिव्या देतात. ही पेटीची माफी मागते. मी कानांनी ऐकलंय. ‘सॉरी गं’ म्हणते.”

“खरंय!” कॉन ओरडला.

“नोरीन पेला भरते तेव्हा ही घड्याळ लावून सेकंद मोजते. नोरीन, कॉनला तुझा पेला वीस सेकंद लवकर मिळतो, हे माहीत आहे का तुला?”

“मेल्या, काहीतरीच काय!” नोरीन म्हणाली. कॉननं डोळे मिटून घेतले.

“शुक्रवारी माझ्याकडून चार बांगडे घेते. चारही माशांच्या डोळ्यांत रोखून बघते. माझ्या डोळ्यांत,” तो थांबला, “अजून एकदाही नाही.”

कोणीतरी शीळ घातली. त्यानं कागद उलटला, पुन्हा सुलटा केला, तरी पुढची ओळ त्याला सापडेना. पस्तीस माणसांसमोर दर गुरुवारी बोलणारा तो माणूस!

“शँडनच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची चार तोंडं चार वेगवेगळ्या वेळा दाखवतात. पिढ्यानपिढ्या कोणाचं अडलं नाही. ही चारांची सरासरी काढते. आणि तरी दर रविवारी चार मिनिटं लवकर येते.” त्यानं कागदाची घडी केली. “मला माहीत आहे, कारण मी आठ मिनिटं लवकर येतो.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“हे दर गुरुवारी वर घेऊन गेलो,” तो हळू म्हणाला. “पण तू समोर बसलीस की... बाकीच्यांची टर उडवताना मला भीती वाटत नाही. तुझ्या बाबतीत वाटायचं, चुकून लागलं तर?” मग त्यानं श्वास घेतला. “आता हाक माझी. मुइरन.”

साठ माणसं माझ्याकडे वळली. नाही म्हणता येत नव्हतं. मी पेटी मिटून मांडीवर ठेवली.

“हा लॉर्कन,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “हा ओल्या बाहीनं ओला कोट पुसतो.”

हशा पिकला. त्या आवाजानं मला थोडा धीर आला.

“बाजारात मेलेल्या माशाला जिवंत म्हणून विकतो. आणि जिवंत बाईशी... मेलेल्या माशासारखा बोलतो.”

बॅटीनं काठी जमिनीवर आपटली. नोरीन दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. लॉर्कन तर असा हसत होता, की जणू मी त्याला काही बक्षीस दिलं.

“दुसऱ्याची खुर्ची न विचारता उचलतो,” मी म्हटलं, “आणि स्वतःला जागा हवी असेल तर अडीच महिने काउंटरशी उभा राहतो.”

 मी वाकले, शेजारच्या स्टुलावरचा डबा उचलून खाली ठेवला. मग पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. करडे. डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका. इतके दिवस ही नोंद राहून गेली होती.

“बस,” मी म्हटलं.

तो बसला. गुडघे हनुवटीला टेकत होते, इतकं ते स्टूल बुटकं.

“विनोद कुठे होता यात शेवटी?” कॉननं विचारलं.

“गप रे,” बॅटी म्हणाला आणि गज उचलला. लॉर्कन पायानं ताल धरत होता, माझ्या पायाला लागून, प्रत्येक ठेक्याला किंचित मागे. मी तो सुधारला नाही. नदीपलीकडे मी त्याच संध्याकाळी कळवलं—जमणार नाही.

शुक्रवारी बाजारात मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. त्यानं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आली बघा! पुन्हा चारच बांगडे? बाई, एकटीला चार लागतात, की मांजरीचं नाव सांगून कोणाला जेवायला बोलावतेस?”

“बोलावलं असतं,” मी म्हटलं, “पण त्याच्या अंगाला माशांचा वास येतो.”

माझ्यामागे हिरव्या टोपीतली म्हातारी उभी होती. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि समाधानानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“चला,” ती म्हणाली, “जमलं एकदाचं.”